तळ्यात हंस सोडण्याआधी

करवीर तालुक्यातल्या एका तरुण मंडळानं विचारलं आहे: गावतळ्यातला गाळ लोकवर्गणीतून काढला, कडेनं फिरायला रस्ता केला, आता उरलेल्या पैशांतून हंसांच्या दोन जोड्या आणून सोडायच्या आहेत. पांढरे आणि काळे, दोन्ही मिळवून देणारा विक्रेताही भेटला आहे. पण अमेरिकेत सरकार स्वतःच हंस मारतं असं कुणीतरी वाचून सांगितल्यापासून मंडळात दोन तट पडलेत. एवढ्या मोठ्या तळ्यात चार पक्ष्यांनी काय बिघडणार?

माझं मत विचाराल तर सोडू नका. एक जोडीही नको. कोल्हापूरच्या आसपासच्या तळ्यांवर पाणपक्ष्यांच्या नोंदी करत माझी बरीच वर्षं गेली. गावानं एकत्र येऊन गाळ काढणं हे किती अवघड काम आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही. कारणं नीट कळली तरच मंडळातला वाद मिटेल.

आधी अमेरिकेचं. तिथे ज्या हंसावरून वाद आहे तो म्यूट स्वॉन, नारिंगी चोच आणि चोचीच्या मुळाशी काळी गाठ असलेला पांढराशुभ्र हंस. तो मूळचा युरोप आणि आशियातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही श्रीमंतांच्या बंगल्यांतल्या आणि बागांमधल्या तळ्यांसाठी तो अमेरिकेत नेला गेला. हेतू तुमचाच होता, तळं देखणं दिसावं. मिशिगन राज्यात १९१९ साली एक जोडी आणली गेली. २०१० च्या सुमारास त्या राज्यात पंधरा हजारांवर हंस होते. मेरीलँडमध्ये चेसापीक खाडीच्या काठावरच्या खासगी बंगल्यांकडून १९६२ च्या वादळात पाच हंस सुटले आणि १९९९ पर्यंत त्यांचे जवळपास चार हजार झाले. तुमच्या दोन जोड्या म्हणजे चार पक्षी. तिथली सुरुवात याहून फार मोठी नव्हती.

विक्रेता तुम्हाला सांगेल की पंख छाटलेले असतात, उडून जायची भीती नाही. पिल्लू लहान असताना पंखाचं शेवटचं पेर कापतात, हे खरं आहे. पण ते कापलेपण पुढच्या पिढीत उतरत नाही. तळ्यात अंडी उबली की निघणारी पिल्लं पूर्ण पंखांची असतात, आणि प्रत्येक पिल्लू पकडून त्याचे पंख छाटायला दरवर्षी कोण येणार? म्यूट हंसाची मादी एका वेळी साधारण पाच ते सात अंडी घालते आणि पक्षी वीस वर्षांपर्यंत जगू शकतो.

आता नुकसान नेमकं कसं होतं ते. हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला सर्वांत वजनदारांपैकी एक, नर दहा-बारा किलोचा. पसरलेले पंख दोन मीटरहून जास्त. पाण्याखाली उगवणाऱ्या वनस्पती हे त्याचं मुख्य अन्न, आणि एक मोठा पक्षी दिवसाला साडेतीन किलोपर्यंत ओला पाला खातो. खातो त्याहून जास्त उपटून टाकतो, मुळासकट. लांब मान खाली घालून शेपूट वर केली की साधारण मीटरभर खोल पोचतो, म्हणजे इतर बदकांच्या आवाक्याबाहेरचा पालाही त्याच्या तोंडी लागतो.

तरी माझ्या मते खरी अडचण खाण्याच्या प्रमाणात नाही, ती वेळेत आहे. चेसापीक खाडीत दर हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडून टुंड्रा हंस येतात. तेही तोच पाला खातात आणि तेही संख्येनं कमी नसतात. पण ते येतात तेव्हा वनस्पतींची वाढ थांबलेली असते, आणि वसंत लागला की ते निघून जातात. मग गवत पुन्हा फुटतं, फुलोऱ्यावर येतं, बी धरतं. म्यूट हंस बारमाही मुक्कामाला. कोवळा कोंब फुटतो त्या दिवसापासून तो खायला हजर. बी तयारच झालं नाही तर पुढच्या वर्षी उगवणार काय? त्या पाणगवतात खेकडे अंग लपवतात, माशांची पिल्लं वाढतात, हिवाळी बदकं त्यावर जगतात. गवत गेलं की ही सगळी साखळी ढिली पडते.

दुसरा भाग दादागिरीचा. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत कुणाला टिकू देत नाही. पंख पाठीवर कमानीसारखे उभारून, मान मागे ओढून तो पाणी कापत चाल करून येतो. एक जोडी चार-पाच एकर पाणी सहज आपलं समजते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँडमधल्या बॅरन बेटाजवळ शेकडो हंसांचा थवा पिसं गाळण्याच्या काळात किनाऱ्यावर येऊन बसू लागला. तिथे लीस्ट टर्न नावाचे छोटे सुरय आणि ब्लॅक स्किमर, म्हणजे आपल्या पाणचिऱ्याचे भाऊबंद, वाळूवर अंडी घालत. दोन्ही त्या राज्यातले धोक्यात आलेले पक्षी. घरटी तुडवली गेली आणि पक्ष्यांनी ती जागाच सोडली.

अमेरिकेचा स्वतःचा ट्रंपेटर हंसही आहे. शिकारीमुळे तो इतका घटला होता की १९३५ साली अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ६९ पक्षीच मोजले गेले. त्याला पुन्हा वसवण्याची मोठी खटपट मिशिगनसारख्या राज्यांत झाली, आणि तिथे त्याच्याच पाणथळींवर हा पाहुणा आधीच ठाण मांडून बसलेला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समध्ये मत्स्यपालनाच्या तळ्यांवर अभ्यास झाले, तेव्हा या हंसांमुळे इतर पाणपक्षी तळं सोडून जातात असं ठळकपणे दिसलं नाही. तळं किती मोठं, हंस किती, वनस्पती किती, यावर परिणाम ठरतो. ‘हंस आले की तळं मेलंच’ असं मी म्हणणार नाही. धोका किती हे सोडण्याआधी अचूक सांगता येत नाही, आणि सोडल्यानंतर कळलं तर उशीर झालेला असतो.

उशीर झाला म्हणजे काय, हेही अमेरिकेतच बघा. मेरीलँडनं संख्या कमी करायला घेतली तेव्हा हंसप्रेमी कोर्टात गेले. २००१ साली निकाल आला की स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षण कायद्यात हा हंसही येतो. मग २००४ साली अमेरिकी काँग्रेसला कायदा दुरुस्त करून परदेशी जाती त्यातून वगळाव्या लागल्या. २०१३ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यानं मोकळे हंस २०२५ पर्यंत संपवण्याचा आराखडा मांडला. लोकांचा इतका विरोध झाला की तो मागे घेऊन बदलावा लागला. उंदीर, झुरळ किंवा काटेरी तण हटवायला कुणी आडवं येत नाही. सुंदर पक्षी हटवायचा म्हटलं की प्रत्येकाचं मन तुटतं. माझंही तुटेल. पक्षी मारण्याचा निर्णय कुठल्याही निसर्गप्रेमी माणसाला सोसवत नाही. ती वेळ आणू नये एवढंच आपल्या हातात असतं.

अंड्यांवर उपाय करून भागत नाही का, असं कुणी विचारेल. तिथे अंड्यांना मक्याचं तेल चोपडतात. कवचाची छिद्रं बुजतात, आतली वाढ थांबते आणि मादी मात्र अंड्यांवर बसून राहते. अंडी उचलून नेली तर ती पुन्हा घालते, म्हणून ही युक्ती. अंडं कोवळं असतानाच हे करायचं असतं, त्यासाठी आधी ते पाण्यात ठेवून बघतात. बुडलं तर कोवळं, तरंगलं तर पिल्लू वाढायला लागलं. पण एवढं करूनही संख्या पटकन उतरत नाही. मोठे पक्षी वर्षानुवर्षं जगतात, आणि एक-दोन घरटी नजरेतून सुटली तरी वजाबाकी भरून निघते. म्हणून मेरीलँडला शेवटी मोठे पक्षीच कमी करावे लागले. (यातलं काहीही आपल्याकडच्या रानपक्ष्यांच्या अंड्यांवर करून बघू नका. तो गुन्हा आहे.)

आता आपल्याकडे या. म्यूट हंस थंड प्रदेशातला. भारतात तो आणि त्याचे दोन नातेवाईक, हूपर आणि टुंड्रा हंस, कधीतरी चुकूनमाकून कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडे दिसतात, तेही क्वचित. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याचे हालच होतील. तो इथे हजारांनी पसरेल असं मला वाटत नाही, उलट उन्हाळ्यात तुमच्या डोळ्यांदेखत धापा टाकत बसेल. कापलेल्या पंखांनी त्याला थंड जागी जाताही येणार नाही. हा त्या जिवावरचा अन्यायही मंडळानं विचारात घ्यावा.

काळ्या हंसाचं तसं नाही. तो ऑस्ट्रेलियातला, उन्हाला सरावलेला. त्याच्या मायभूमीत पाऊस आणि पाणी जिकडे असेल तिकडे तो दूरदूर भटकतो, आणि पाणी भरलं की वीण करतो. १८६० च्या दशकात तो न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडला, आणि पुढे तिथल्या एलेसमेअर सरोवरावर त्याची संख्या हजारोंनी मोजावी लागली. पावसावर विणणारा, उष्णता सोसणारा, पाणवनस्पती खाणारा मोठा पक्षी आपल्या पावसाळी प्रदेशात सोडणं मला जास्त काळजीचं वाटतं.

आपल्या तळ्यांवरची खरी वर्दळ जानेवारीत असते असा समज आहे, कारण तेव्हा भुवई बदक, थापट्या असे पाहुणे मोजायला सगळे जातात. पण तळ्याचे घरचे पक्षी पावसाळ्यात विणतात. लांब शेपटीचा कमळपक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर जुजबी घरटं करतो. मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, आणि नर एकटा अंडी उबवतो, पिल्लं सांभाळतो. टिबुकली पाल्याचा तरंगता ढीग करून त्यावर अंडी घालते. वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या बेटात घर करतात. हळदीकुंकू बदक काठच्या गवतात. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये तळ्याची प्रत्येक तरंगती पान-काडी कुणाच्या तरी घराचा पाया असते. त्यात पाच-सहा किलोचा पक्षी चरायला उतरवा आणि काय होईल ते बघा. टिबुकलीच्या घरट्याला मुद्दाम धक्का द्यायचीही गरज नाही, जवळून गेला तरी पुरे. काणूक हे तर जगातल्या सर्वांत लहान बदकांपैकी एक. त्याच्या खाण्याची जागा कुणी अडवली तर भांडायला त्याच्याकडे अंगच नाही.

आणि आपली तळी चेसापीक खाडी नाहीत. गावतळं पाच-दहा एकराचं असतं. एका दांडग्या जोडीनं विणीच्या काळात हद्द धरली तर बाकीच्यांना सरकायला जागा उरत नाही.

विक्रेता जे ‘राजहंस’ म्हणून दाखवतो ते बऱ्याचदा पाळीव गीज असतात, पांढरे किंवा चोचीवर गाठ असलेले करडे. त्यांचं मूळ रानातल्या गूज पक्ष्यांत आहे, हंसांत नाही. ते काठावरचं गवत बोडकं करतात आणि कुणालाही चोच मारायला धावतात. तेही सोडू नका. पांढरी पाळीव बदकंही नकोत. त्यांची मूळ जात मॅलार्ड, आणि मॅलार्ड जिथे जिथे सोडलं गेलं तिथे स्थानिक बदकांशी संकर करत गेलं. न्यूझीलंडचं ग्रे डक आणि फ्लोरिडाचं मॉटल्ड डक यांचा शुद्ध वंश त्यामुळे धोक्यात आला. आपलं हळदीकुंकू बदक त्याच कुळातलं आहे.

रोगाचाही विचार करा. २००६ साली युरोपातल्या अनेक देशांत बर्ड फ्लू पोचल्याचं प्रथम कळलं ते मेलेल्या हंसांवरून, इतका हा पक्षी त्या विषाणूला बळी पडतो. त्याच वर्षी आपल्याकडे नवापूरला कोंबड्यांमध्ये साथ आली, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात. तुमच्या गावात पोल्ट्री शेड असतीलच. बाजारातून कुठून तरी आणलेले पक्षी, हिवाळी स्थलांतरित पक्षी आणि परसातल्या कोंबड्या एकाच पाण्यावर आणणं ठीक नाही.

पुढची गोष्ट रंकाळ्यावर फिरणाऱ्या कुणालाही पटेल. पाण्यात देखणा पक्षी दिसला की लोक खायला टाकतात. पाव, भडंग, पॉपकॉर्न, भेळेचा उरलेला पुडा. पक्ष्याला ते बाधतं, आणि उरलेलं कुजून पाण्यात खत होतं. मग केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं. ज्या तळ्यांना सांडपाण्यानं आधीच जेरीस आणलं आहे तिथे हे ओझं कशाला? केंदाळाची गोष्टही तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. ते दक्षिण अमेरिकेतून आलं आणि त्याच्या जांभळ्या फुलांसाठी जगभर बागांतून लावलं गेलं. आज पंचगंगेतून ते बाहेर काढायला यंत्रं लागतात. मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा शेततळ्यांत आणला तो पटकन वाढतो म्हणून. २००० साली त्यावर बंदी घालावी लागली, तरी तो नद्यांमध्ये पोचलाच.

परदेशी म्हणून पक्षी वाईट, असं माझं म्हणणं नाही. आपली साळुंकी १८६२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला किडे खायला नेली, आणि आज तिथे ती इतर पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते म्हणून लोक तिला सापळ्यात धरतात. आपला कावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतका माजला की केनियाच्या सरकारनं २०२४ मध्ये दहा लाख कावळे हटवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. आपल्या अंगणातली साळुंकी निष्पापच आहे. म्यूट हंसही इंग्लंडात मानाचा पक्षी आहे. दर जुलैमध्ये थेम्स नदीवर राजाच्या वतीनं त्याची मोजणी आणि तपासणी होते. ज्या पाण्यावर हजारो वर्षांत त्याच्याबरोबर बाकीचे जीव घडले, तिथे तो शोभतो.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम ६२अ नुसार आक्रमक परदेशी जातींची आयात, विक्री, बाळगणं आणि प्रसार यांवर नियम किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तुमच्या विक्रेत्याकडे पक्षी कुठून आले याचे कागद मागा, आणि ठराव करण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन बोला. गावातल्या कुणाच्या फार्महाऊसवर आधीच हंस असतील तर ते जाळीच्या आत, बंद पाण्यात राहू द्यावेत. पिल्लं होऊ देऊ नयेत, आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात नेऊन सोडू नयेत.

मग वर्गणीचं काय करायचं? माझ्या अनुभवातून सांगतो. तळ्याचा निदान एक काठ तसाच ठेवा, दगडी पिचिंग नको, फरशी नको. उतरता, चिखलाचा, गवताचा. शराटी, वंचक आणि हिवाळ्यात येणारे चिखलपायी पक्षी तिथेच उतरतात. रस्ता तीन बाजूंनी पुरे. केंदाळ काढताना सरसकट सगळं हिरवं ओढून काढायचा मोह होतो, ठेकेदारालाही तेच सोपं पडतं. पाणकणीस, कमळ, कुमुदिनी आणि पाण्याखालच्या वनस्पती राखायला सांगा, आणि हे काम पावसाआधी संपवा. जूननंतर यंत्र पाण्यात नको.

मध्ये गाळाचा एखादा उंचवटा शिल्लक असेल तर फार उत्तम, तो बेट म्हणून राहू द्या. त्यावर कुत्री पोचत नाहीत, आणि पक्ष्यांना रात्री तेवढंच हवं असतं. रात्रीचे मोठे दिवे पाण्यावर मारू नका. तुटक्या नायलॉनच्या जाळ्या गोळा करा, त्यात पाणकावळे आणि टिबुकल्या अडकून मरतात. गणपतीसाठी वेगळा कुंड करा. कोल्हापुरात मूर्तिदानाची सवय लोकांनी लावून घेतली आहे, तुमच्या गावाला ती नवी वाटायची नाही. गटाराचा पाईप कुठून आत येतोय तो शोधा. तो बंद केलात तर हंसांवर खर्च झाला असता त्याहून जास्त फळ मिळेल.

पैसे उरले तर एक बरी दुर्बीण घ्या आणि तळ्यावरच्या पक्ष्यांची चित्रं असलेला मराठी फलक लावा. अडई आणि हळदीकुंकू बदक आणायला विक्रेता लागत नाही. काठावर आडोसा आणि पाण्यात पाला असेल तर ती आपसूक येतात. कमळपक्ष्याचा नर पिल्लांना घेऊन पानांवरून पळताना एकदा मंडळातल्या पोरांना दाखवा. त्यानंतर हंसाची मागणी करणारे किती उरतात ते मला कळवा.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि तिला कुणीही हातभार लावू शकतं. सकाळी लवकर तळ्याला एक फेरी घाला. पक्षी, तारीख आणि संख्या वहीत लिहा. नाव आलं नाही तर मोबाईलवर फोटो काढा, चोच आणि पाय दिसतील असा. वही घेऊन माझ्याकडे या, ओळख पटवून देण्याचं काम माझं.